दुधाची साक्ष

माझ्या मुलीचं लग्न ती जन्मल्यावर घटकाभरात ठरलं. मी बाजेवर पडले होते, डोळे उघडवत नव्हते. दाईने वार ज्या मडक्यात टाकली होती त्या मडक्यात माझ्या सासूबाईंनी चांदीचा रुपया टाकला आणि खोलीबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरगी बद्रूची झाली. अल्ला मुबारक करो."

बद्रू म्हणजे बदरुद्दीन, माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा. तेव्हा दोन महिन्यांचा होता. याला आमच्याकडे ठीकरीची, म्हणजे खापराची, मंगनी म्हणतात. निकाहाइतकी ती पक्की नसते, पण मोडली तर दोन घरं कायमची तोंडं फिरवतात, आणि आमच्या बाबतीत तर घर एकच होतं. मोठे दीर निजामुद्दीन आसेगावची शेती बघत, माझे मालक शफीक मंगरुळात कापडाचं दुकान चालवत. शेत आणि दुकान उद्या वेगळं होऊ नये, हा सासूबाईंचा विचार. तोंडाने मात्र त्या म्हणत, "माही नियत एकच हाय. दोघा भावाचं प्रेम टिकावं."

नियत हा त्यांचा फार लाडका शब्द. त्यांचं नाव मेहरबी, पण दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी त्या हज करून आल्या होत्या, म्हणून सगळं मंगरुळ त्यांना हज्जनबी म्हणे. बायका आजारी पोरं घेऊन त्यांच्याकडून दुआ फुंकून घ्यायला येत. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दर्ग्याच्या दाराशी त्या खिचडी वाटत. वाटताना म्हणत, "मी लोकाले दाखवाले नाई करत, माही नियत अल्ला जानतो." हे त्या प्रत्येक पानावर खिचडी वाढताना म्हणत. मी अमरावतीच्या कॉलेजात दोन वर्षं काढलेली, हेडमास्तरांची मुलगी. मला माणसं न्याहाळायची खोड आहे. घरात पाहुणी आली की सासूबाईंचा नमाजेतला सजदा लांबतो, हे मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात पाहिलं होतं. कोणाला बोलले नाही. बोलून जाणार कुठे?

माझी जाऊ हाजराबी, म्हणजे बद्रूची आई, मला 'कालेजवाली' म्हणे. मी माझ्या मुलीसाठी, सफूरासाठी, पाणी उकळून घेतलं की ती चुलीपाशी मोठ्याने म्हणे, "आमी बिनउकळलेलंच पेलो बाई, तरी जित्ते हाओ." मी सफूराला काजळ घालू दिलं नाही, तर तिने मोहल्ल्यात सांगितलं की मी पोरीला मेमसाहेब करून राह्यली. मीही काही कमी नव्हते. तिच्या हातचं मी खात नसे, आणि का खात नाही ते तिला कळेल अशा रीतीने खात नसे.

भादव्यात हाजराबीला मुदतीचा ताप आला. वाशीमच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं, एकवीस दिवस निघतील, वेगळ्या खोलीत ठेवा. तिचं दूध आटलं. बद्रू तेव्हा पाच महिन्यांचा होता, सफूरा तीन. मग शेळ्या राखणारी चतुराबाई एक शेळी घेऊन दाराशी यायची, तिथेच दूध काढून द्यायची. बद्रूने ते दूध पहिल्या दिवशी ओकलं, दुसऱ्या दिवशी ओकलं.

चतुराबाई म्हणाली, "हज्जनबी, पोरगं हे दूध टाकून राह्यलं. त्याले बाईचं दूध पायजे. कोनी बाळंतीन पाहा."

"पाहून राह्यलो ना," सासूबाई म्हणाल्या. "निजामले आसेगावले धाडलं."

"आसेगाव कायले? घरातच तं..." आणि चतुराबाई माझ्याकडे बघून गप्प झाली. सासूबाई तिच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, त्या नजरेपुढे मीही गप्प झाले असते.

घरात कोणीच ते बोलत नव्हतं. पण सगळ्यांना माहीत होतं. मूल जिचं दूध पिईल तिची मुलं त्याची भावंडं होतात. सख्खी नसली तरी निकाहाला तितकीच हराम. मी बद्रूला एकदा पाजलं की सफूरा त्याची बहीण, मंगनी संपली. म्हणून सासूबाई मला म्हणत होत्या, "दुल्हन, तू त्या खोलीकडे जाऊ नको बरं. ताप तुह्या पोरीले लागन." ऐकणारीला वाटावं, केवढी काळजी.

आणि माझी अडचण अशी की ती काळजी खोटी असली तरी ताप खरा होता. मी सफूराला छातीशी धरून बसायची. भिंतीपलीकडून बद्रू रडला की माझी चोळी भिजायची. अंगाला कळत नाही कोणाचं पोर रडतं आहे.

निजामुद्दीनभाई आसेगावहून एकटेच परत आले. तिथली बाळंतीण तापाच्या घरात यायला तयार नव्हती. त्या दिवशी बद्रू रडायचा थांबला. दारातून मी त्याला पाहिलं. ओठ सुकलेले, टाळू आत गेलेली, डोळे अर्धे उघडे. मी तशीच ओसरीत गेले. सासूबाई तस्बीचे मणी ओढत बसल्या होत्या.

"अम्मा, मी पाजते त्याला."

बोट मण्यावर थांबलं. "कोनाले?"

"बद्रूला."

"सोताच्या पोरीले पुरत नसंन, आन् दुसऱ्याचं पोरगं घ्याले निघाली."

"पुरून उरतं. माझी चोळी बघा."

"लाज नाई वाटत? सासूले चोळी दाखवते!" त्यांनी तस्बी मांडीवर ठेवली. "हे पाय दुल्हन, तुह्या पोटात काय हाय ते मले दिसते. तुले पोराची माया नाई. तुले मंगनी तोडाची हाय. एकडाव पाजलं की तू मोकळी. आन् लोक वरून म्हनतीन, वा, काय दिलाची बाई हाय!"

"आणि तुम्हाला काय हवंय? त्याने मरावं?"

"तोंड सांभाळ! अल्ला देईन त्याले."

"अल्लाने दिलंय. माझ्या अंगात दिलंय."

"चूप! चार बुकं शिकली तं मले अल्लाची मर्जी शिकवते काय?"

मी परत खोलीत आले. त्या म्हणाल्या ते साफ खोटं असतं तर मी तिथेच पाय रोवून भांडले असते. पण मंगनी मला नकोच होती. मडक्यात रुपया पडला त्या क्षणापासून नको होती. ज्या घरात मी श्वास मोजून घेते त्याच घरात माझ्या मुलीने सून म्हणून राहावं, हाजराबीच्या हाताखाली, हे मनात आलं की मला झोप येत नसे. मग आता मी त्या पोराला उचलायला निघाले होते ते कशासाठी? मी स्वतःला विचारून पाहिलं. दोन उत्तरं आली आणि दोन्ही खरी होती. बाजूच्या खोलीत आवाज नव्हता. मी उत्तरं तशीच टाकून उठले.

जोहरची, दुपारच्या नमाजेची, वेळ झाली होती. सासूबाईंनी नेमकी हाजराबीच्या दारासमोर जानमाज अंथरली होती. त्या नमाजेला उभ्या राहिल्या, आणि मी त्यांच्या मागून वळसा घालून खोलीत शिरले. बद्रूला उचललं. त्याला वजनच नव्हतं. हाजराबी जागी होती. तापाने तिचे डोळे लाल झाले होते. ती माझ्याकडे बघत राहिली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी भिंतीला टेकून बसले आणि त्याचं तोंड छातीला लावलं. त्याला आधी चोखताच येईना. मी दूध पिळून त्याच्या ओठांवर सोडलं.

बाहेर सासूबाईंचा आवाज चढला. कुराणातल्या सूरेचे शब्द मोठ्याने येऊ लागले. जोहरची नमाज मनातल्या मनात वाचायची असते, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. त्या मोठ्याने वाचत होत्या, मला थांबवायला. नमाज मोडून दोन पावलं आत येता आलं असतं. कोणाचा जीव जात असेल तर मोडायची मुभाही आहे. त्यांनी मोडली नाही. शब्द मात्र असे येत होते, जणू कोणी दारावर थापा मारतंय.

बद्रूने ओढायला सुरुवात केली. हाजराबीने अंथरुणातून हात काढला आणि त्याचा पाय धरला. त्याने दूध सोडेपर्यंत तिने तो पाय सोडला नाही.

त्यानंतर मला कोणी अडवलं नाही. असं का, ते मला आधी कळेना. सासूबाई दार लावून घेत, एवढंच. मी कार्बोलिकच्या पाण्याने हात धुवायची, अंगावरचं लुगडं बदलायची, मग सफूराला घ्यायची, आणि रोज तिच्या कपाळाला हात लावून बघायची. शफीक एकदा दुपारी जेवायला आले तेव्हा दार उघडं राहिलं होतं. त्यांनी पाहिलं. चपला काढता काढता थांबले, परत घातल्या आणि दुकानात निघून गेले.

मग बायका बद्रूला बघायला येऊ लागल्या आणि सगळं उलगडलं.

"काय पाजलं हज्जनबी? केवढं भरलं पोरगं!"

"शेळीचंच दूध," सासूबाई म्हणाल्या. "मंग मी त्याच्यावर रोज दुआ पढून दम करो ना. बाकी अल्लाची मेहेरबानी. माही नियत साफ होती."

बायकांनी आपापली पोरं पुढे केली. सासूबाईंनी सगळ्यांवर फुंकर घातली. आत माझ्या मांडीवर बद्रू निजला होता, तोंडाच्या कोपऱ्यात दूध.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच मी शफीकना गाठलं. दाढी करत होते, आरसा सोडून जाता येणार नव्हतं.

"तुम्ही पाहिलंय. तुम्ही अम्मांना सांगा."

"पोरगं वाचलं ना? मंग झालं. कायले वाढवतं?"

"आणि पंधरा वर्षांनी? बहिणीचा भावाशी निकाह लावाल?"

"पंधरा वर्सानं कोन पाह्यलं. तवा पाहू."

"तेव्हा मी असेन कशावरून? एकदा जग विसरलं की संपलं. मग सांगणारी खोटी ठरेल."

त्यांनी वस्तरा पुसला. "सफूराच्या अम्मी, तू मले अम्माच्या समोर उभं करून राह्यली. मी कवा उभा राह्यलो तिच्या समोर, सांग बरं?"

ते खरं होतं.

हाजराबी उठून बसू लागली. तिला थोडंफार दूध आलं, पण पुरेना. तेव्हा बद्रू गुपचूप माझ्याकडे आणला जाई आणि गुपचूप परत नेला जाई. आणि मग सासूबाईंनी जाहीर केलं की बद्रूचा अकीका करायचा. तो जन्मला तेव्हा गावात हैज्याची साथ होती म्हणून जावळ आणि बकऱ्यांची कुर्बानी राहून गेली होती. "त्याच दिवशी मशिदीतल्या पेशइमाम साहेबाकडून मंगनीची दुआबी करून घेऊ," त्या निजामुद्दीनभाईंना म्हणाल्या, माझ्याकडे बघत. "चार लोकासमोर एकडाव झालं म्हंजे कोनाच्या मनात काई राह्यत नाई."

चार लोक म्हणजे सगळी बिरादरी. एकदा त्यांनी आमीन म्हटलं की मग माझं म्हणणं म्हणजे बाईची कटकट. तो दिवस गेला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.

अकीक्याच्या दिवशी अंगणात पुरुष सतरंजीवर बसले. आम्ही बायका ओसरीत, चिकाच्या म्हणजे बांबूच्या पडद्याच्या आड. हज्जामाने बद्रूचं डोकं तासून दिलं, त्यावर चंदन फासलं. तो रडून रडून थकला आणि हाजराबीच्या मांडीवर अर्धवट झोपला. बकऱ्या कापून झाल्या. परसात चुलींवर मटणाच्या देगा चढल्या होत्या. पेशइमाम साहेबांनी बद्रूसाठी दुआ केली. मग सासूबाई चिकाला तोंड लावून म्हणाल्या, "साहेब, आता सफूराचंबी नाव घ्या. मंगनीची दुआ."

साहेबांनी दुआसाठी हात उचलले.

"पेशइमाम साहेब," मी म्हटलं. "ही मंगनी होऊ शकत नाही. बद्रू माझं दूध प्यायलेला आहे."

परसातल्या देगेखालचं लाकूड तडतडलेलं ऐकू आलं.

मग सासूबाई हसल्या. "बाळंतपनाची हवा लागली हो तिच्या डोक्याले. काई मनावर नका घेऊ."

"कालेजात हेच शिकवते काय वं?" मागून एक म्हणाली, आणि दोघीतिघी फिसकन हसल्या.

पेशइमाम साहेबांचे हात खाली आले. म्हातारे गृहस्थ. त्यांना हे मुळीच आवडलं नव्हतं. "औरतीनं मर्दाच्या बैठकीत असं बोलू नये. पन बोलली हायेस तं सांग. कोनं पाह्यलं?"

"भाभींनी."

सगळ्यांच्या नजरा हाजराबीवर. तिने पदर सारखा केला. "मले ताप होता," ती म्हणाली. "मले काई याद नाई."

"झालं!" सासूबाई म्हणाल्या. त्या उठल्या, कोनाड्यातलं कुराण रेशमी कपड्यासकट उचललं आणि माझ्यासमोर धरलं. "लय खरं बोलनारी हायेस ना? ठेव हात. मानलं पाजलं असंन. आता सांग या लोकाइले, तुही नियत काय होती? पोराले वाचवाची, का मंगनी तोडाची? एकच सांग."

मी हात ठेवला. एक शब्द बोलायचा होता: वाचवायची. तो शब्द खोटाही नव्हता. तेवढाच बोलले असते तर बायकांचे डोळे भरून आले असते आणि मी चिकाआड उभी राहूनच जिंकले असते. मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं. त्या वाट बघत होत्या. मी नेमकी त्यांच्यासारखं बोलते का, याचीच वाट बघत होत्या असं मला वाटलं.

"दोन्ही," मी म्हटलं. "पोर मरत होतं, ते मला बघवलं नाही. आणि मंगनी मोडेल याचा आनंदही होता. आधी कुठलं मनात आलं ते मला माहीत नाही. अल्लाला माहीत असेल."

"आयकलं?" सासूबाई चिकाकडे वळल्या. त्यांचा आवाज भरून आला होता, विजयाने. "आयकलं साहेब? सोताच्या तोंडानं बोलली. नियतच खोटी!"

"तोबा तोबा," मागून आवाज आला. माझ्या शेजारची बाई सरकून बसली.

पेशइमाम साहेब चिडून म्हणाले, "मेहरबी, नियत नमाजेले लागते. रोज्याले लागते. दुधाले नियत नाई लागत. चोरून पाजा, रागानं पाजा, पोटात गेलं की भाऊ झाला." सासूबाईंनी कुराण परत कोनाड्यात ठेवलं. "पन," ते माझ्या दिशेने म्हणाले, "साक्ष लागते. एक मर्द आन् दोन औरती. तुह्या एकटीच्या बोलन्यावर मी मंगनी नाई तोडत. उद्या कोनीबी उठंन आन् म्हनंन."

"आणि आत्ता पाजलं तर?"

"म्हंजे?"

"सगळ्यांसमोर. आत्ता."

त्यांनी खाकरून घेतलं. "दोन वर्साच्या आतलं पोरगं असंन तं एक घोटबी पुरते."

मी हाजराबीसमोर जाऊन बसले. आमची तोंडं हातभर अंतरावर होती. इतक्या जवळून आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. तापाने तिचे केस गळले होते.

"भाभी, द्या त्याला."

"काहून देऊ? आता तं त्याले भूक नाई. आता कोनाचा जीव वाचवते?"

"कोणाचा नाही. आता फक्त मंगनी मोडायची आहे."

"तोंड वर करून सांगते!"

"हो. तुमच्यासमोर खोटं बोलून काय मिळणार? तुम्ही जाग्या होतात. मला खोटी पाडा, मोहल्ल्यात हिंडून सांगा, मी काही म्हणणार नाही. पण याचा निकाह याच्या बहिणीशी लागेल, आणि ते ठाऊक असलेल्या आपण दोघी लाडू वाटत बसू. मग?"

"हाजरा," सासूबाई मागून म्हणाल्या, "पोरगं देशीन तं याद राख."

हाजराबीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडेच बघत होती, आणि त्या नजरेत माया नावालाही नव्हती. "मले तू पटत नाई," ती म्हणाली. "पयल्या दिवसापासून नाई. माह्या हातचं पानी पीत नाई तू. मरेपर्यंत नाई पटनार." आणि बद्रूला तिने माझ्या मांडीवर जवळजवळ आदळलं. "घे. पाज."

मी पदर ओढून घेतला आणि त्याला लावलं. तो झोपेतच होता. चंदनाने माझा हात बरबटला. बायका मान लांब करून बघत होत्या. आता कोणी हसत नव्हतं.

"पाजून राह्यली," हाजराबी चिकाकडे बघून मोठ्याने म्हणाली. "आन् मागंबी पाजलं. याद हाय मले."

"मीबी पाह्यलं," मागून एक बाई म्हणाली.

"आन् मर्द कोन हाय?" बाहेरून प्रश्न आला.

मी पाजत असताना चिकाच्या आत येऊ शकेल असा पुरुष एकच होता, माझा नवरा. शफीक सतरंजीच्या कडेला बसलेले मला चिकातून दिसत होते, मान खाली. कोणीतरी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते उठले. सासूबाई जाऊन चिकाच्या आत आडव्या उभ्या राहिल्या.

"शफीक. आत पाय टाकला तं माहं दूध तुले माफ नाई. कयामतीच्या दिवशीबी नाई."

यापेक्षा मोठा शाप आमच्यात आई मुलाला देत नाही. अंगणातले म्हातारे उठून उभे राहिले. शफीकचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाय दिसत होते, चिकाखाली. ते पाय हलेनात. मी मनात त्यांना हाक मारली नाही. मला खरंच वाटत होतं ते परत फिरतील. बद्रूने एकदा चोखलं, थांबला, पुन्हा चोखलं.

मग चिक बाजूला झाला. शफीक आईच्या अंगाला घासून आत आले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी आमच्याकडे बघितलं, नीट बघितलं, जसं गिऱ्हाइकासमोर कापड उलगडून बघतात तसं. आणि तिथूनच, बाहेर न जाता, ते बोलले.

"मी पाह्यलं. पिऊन राह्यला. आन् अम्मा, मी पयलेबी पाह्यलं होतं. बोललो नाई मी."

पेशइमाम साहेबांनी जागचे न हलता सांगून टाकलं. सफूरा आणि बदरुद्दीन दूधभाऊबहीण. त्यांचा निकाह हराम. ठीकरीची मंगनी नव्हतीच असं समजा. निजामुद्दीनभाई उठून देगांकडे गेले. मग पेशइमाम साहेब चिकाकडे वळून मला म्हणाले, "आन् तू. तुह्या नियतीचं अल्ला पाहीन. मी तुले शाबासकी देऊन नाई राह्यलो."

मला ती नकोच होती.

सासूबाई अजून चिकापाशी उभ्या होत्या. एवढ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. मी त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. आधी ओठ सरळ झाले, मग डोळे पुसले गेले, मग पदर डोक्यावर आला. "आता झालंच हाय उघडं," त्या बायकांना म्हणाल्या, "तं सांगतो. पोरगं मरून राह्यलं होतं. मीच म्हनलं होतं तिले, पाज बाई, जीव मोठा का मंगनी मोठी. लोकाइले सांगाची काय गरज? म्हनून चूप होतो."

"हज्जनबीचं दिलच मोठं," एक बाई म्हणाली.

हाजराबी हसली. त्या घरात मी तिला तशी हसताना ऐकलं नव्हतं, खोकल्यासारखं, कोरडं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या वळून परसात गेल्या. परसातून त्यांचा आवाज आला, मटण करपून राह्यलं म्हणून कोणावर तरी ओरडत होत्या.

शफीक अजून तिथेच उभे होते, कुठे जावं न कळून. बायका ताटं मांडायला उठल्या. माझ्या बाजूला कोणी बसलं नाही.

हाजराबीने हात पुढे केले. "झाली ना साक्ष? दे माहं पोरगं. आन् उद्यापासून माह्या खोलीत येत जाऊ नको तू."

बद्रू आता पुरता जागा झाला होता. डोळे मिटून, मूठ माझ्या चोळीत अडकवून, आवाज करत ओढत होता.

"थांबा," मी म्हटलं. "अजून पीत आहे."